सोलापूरचा पिनकोड फोडताना: मोठ्या संख्येचे गुणधर्म कागदावर कसे काढायचे

४१३००१ हा सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड. पाकिटावर, चादरीच्या पार्सलवर, दुकानाच्या पाटीवर रोज दिसणारा, म्हणून सरावाला सोयीचा. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवी होते. त्यांनी अंक वाटले ते टपालाच्या सोयीने, त्यामुळे या आकड्यात कुणी मुद्दाम लपवलेलं गणित नाही. आपल्याला तेच हवं आहे: मुद्दाम न निवडलेली संख्या.

इथे आधी ४१३००१ पूर्ण फोडली आहे आणि मग तीच दोनदा लिहून होणारी बारा अंकी ४१३००१४१३००१. या दुसऱ्या संख्येचं वर्गमूळ ६,४२,६५१ च्या पुढे जातं. त्याच्या आत पन्नास हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत, आणि एकेकीने भागत बसलं तर आयुष्य जाईल. पण संख्या लिहिली कशी आहे ते आधी पाहिलं, तर हेच काम वहीच्या दोन पानांत उरकतं.

सामान फार लागत नाही. चौकटीची वही, पेन्सिल, दुकानात गल्ल्यावर असतो तसा बारा अंकी कॅल्क्युलेटर आणि २११ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. यादीत ४७ संख्या येतात. २ ते २११ चौकटींत लिहा, २, ३, ५, ७, ११ आणि १३ च्या पटी खोडा (मूळ संख्या स्वतः ठेवा), उरल्या त्या मूळ. १७ च्या पटी वेगळ्या खोडाव्या लागत नाहीत, कारण १७ चा वर्ग २८९ हा यादीबाहेर आहे.

स्वल्पविराम पुसून टाका

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या आपल्याकडच्याच आहेत. आपण लिहितो ४,१३,००१, म्हणजे चार लाख तेरा हजार एक. विभाज्यतेच्या कसोट्यांना लाख-कोटी चालत नाहीत. त्यांना उजवीकडून एकसारखे गट लागतात, कसोटीप्रमाणे तीन-तीन अंकांचे नाहीतर दोन-दोन अंकांचे. म्हणून स्वल्पविराम न देता संख्या लिहायची आणि उभी रेघ मारून गट पाडायचे:

तीनचे गट: ४१३ | ००१
दोनचे गट: ४१ | ३० | ०१

डावीकडून गट पाडायचे नाहीत. अंकांची संख्या गटात नेमकी बसत नसेल तर डावीकडचा शेवटचा गट अपुरा राहिला तरी चालतो, उजवीकडचा राहता कामा नये. आणि ००१ मधली शून्यं खाऊ नका, नाहीतर पुढचा गट सरकतो.

चार बेरजांत आठ संख्यांचा निकाल

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद झाले. अंकांची बेरीज ४+१+३+०+०+१ = ९, म्हणून संख्येला ९ ने भाग जातो. इथवर शाळेत शिकलेलं. पुढच्या तीन कसोट्या शाळेत क्वचितच शिकवतात, आणि काम खरं तर त्याच वाचवतात.

पहिली ९९९ ची. १००० ला ९९९ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून तीन-तीनचे गट नुसते मिळवले तरी ९९९ च्या हिशेबात काही बदलत नाही. ९९९ = २७ × ३७. आपले गट ४१३ + ००१ = ४१४. ४१४ ला ३७ ने भागून बाकी ७, म्हणजे ३७ बाद. २७ ने भागून बाकी ९, म्हणजे २७ नाही पण ९ आहे. संख्येत ३ नेमका दोनदाच आहे, हेही इथेच कळलं.

दुसरी १००१ ची. १००१ = ७ × ११ × १३, आणि १००० ला १००१ ने भागताना बाकी उणे १ धरता येते. म्हणून उजवीकडून गट आळीपाळीने अधिक-उणे करायचे: ००१ − ४१३ = −४१२. ४१२ ला ७ ने भागून बाकी ६, ११ ने ५, १३ ने ९. तिन्ही एका वजाबाकीत निकालात. भाग जातो का एवढंच पाहायचं असेल तर उणे चिन्ह विसरा. दिलेल्या संख्येची बाकी हवी असेल तर विसरू नका: ११ ने भागल्यावर ४१३००१ ची बाकी ५ नाही, ११ − ५ = ६ आहे.

आता स्वल्पविरामाची गंमत बघा. ४,१३,००१ हेच गट धरून कुणी १ − १३ + ४ = −८ केलं, तर उत्तर ‘भाग जात नाही’ असंच येतं. म्हणजे चूक केली आणि निष्कर्ष नशिबाने बरोबर आला. अशी चूक पकडली जात नाही आणि पुढच्या संख्येत अंगाशी येते.

तिसरी १०१ ची. दोनचे गट आळीपाळीने: ०१ − ३० + ४१ = १२. शून्य नाही आणि १०१ ची पटही नाही, म्हणून १०१ बाद. ही कसोटी लक्षात ठेवा. बारा अंकी संख्येला तीच मदतीला येणार आहे.

९ बाहेर काढा, मगच भागायला बसा

४१३००१ ÷ ९ = ४५८८९. लगेच ताळा करा: ४५८८९ × १० − ४५८८९ = ४५८८९० − ४५८८९ = ४१३००१. जमलं.

९ आधी काढल्याने काय साधलं? ४१३००१ चं वर्गमूळ ६४२ च्या पुढे आहे, आणि ६४२ पर्यंत ११६ मूळ संख्या आहेत. ४५८८९ चं वर्गमूळ मात्र २१४ च्या पुढे थोडं. तपासायची हद्द ६४२ वरून २१४ वर आली. अवयव सापडला की तो काढायचा, उरलेल्या संख्येचं वर्गमूळ नव्याने घ्यायचं आणि हद्द कमी करायची. हा नियम न पाळल्याने दुपार वाया जाते.

आता १७ पासून एकेक मूळ संख्या. इथे बाकी काढायची नाही, हो की नाही एवढंच हवं आहे. त्यासाठी लांबलचक भागाकारापेक्षा शेपटी तोडायची रीत बरी. ज्या मूळ संख्येची परीक्षा आहे तिची अशी पट वजा करा की शेवटचा अंक शून्य होईल, आणि ते शून्य खोडा. १९ साठी:

४५८८९ − १९ = ४५८७०, उरले ४५८७
४५८७ − ५७ = ४५३०, उरले ४५३
४५३ − १३३ = ३२०, उरले ३२

३२ ला १९ ने भाग जात नाही, म्हणून ४५८८९ लाही नाही. शून्य खोडणं म्हणजे १० ने भागणं, आणि १० मध्ये २ व ५ शिवाय काही नसल्याने १९ च्या उत्तराला धक्का लागत नाही. म्हणूनच २ आणि ५ साठी ही रीत चालत नाही. शेवटचं ३२ ही मूळ बाकीही नव्हे. खरी बाकी ४ आहे. ही बाकी पुढे कुठे वापरलीत तर हिशेब बिघडेल.

असं करत १०७ पर्यंत काही मिळत नाही. मग १०९:

४५८८९ − १०९ = ४५७८०, उरले ४५७८
४५७८ − २१८ = ४३६०, उरले ४३६
४३६ = १०९ × ४

सापडला. ४५८८९ ÷ १०९ = ४२१. आता ४२१ मूळ आहे का ते वेगळं तपासावं लागत नाही. त्यात १०९ हून लहान मूळ अवयव असता तर तो आधीच सापडला असता, आणि १०९ किंवा त्याहून मोठे दोन अवयव असायला संख्या निदान १०९ × १०९ = ११८८१ एवढी तरी हवी. म्हणून ४२१ मूळ.

४१३००१ = ३² × १०९ × ४२१

१०९ ही एकोणतिसावी मूळ संख्या. त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३, ३७, १०१ या आठांचा निकाल कसोट्यांत आधीच लागला होता, म्हणजे प्रत्यक्ष परीक्षा २१ झाल्या. काही जण इथे फर्माची रीत सुचवतील: वर्गमूळाच्या वरच्या पूर्णांकापासून सुरू करून प्रत्येक संख्येचा वर्ग घ्यायचा, त्यातून ४५८८९ वजा करायचे आणि उरलेला पूर्ण वर्ग आहे का बघायचं. २१५ पासून निघालं तर ते २६५ ला जमतं: २६५² − ४५८८९ = २४३३६ = १५६², आणि २६५ − १५६ = १०९. पण तिथे पोचायला ५१ वेळा वर्ग घ्यावा लागतो. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती रीत लवकर फळते. १०९ आणि ४२१ जवळ नाहीत.

एक इशारा. अवयव सापडला तर गुणाकार करून खात्री होते. ‘सापडला नाही, म्हणजे संख्या मूळ’ या निष्कर्षाला मात्र प्रत्येक परीक्षा बरोबर असावी लागते. १०९ च्या ओळीत एक हातचा चुकला असता तर २११ पर्यंत जाऊन ४५८८९ मूळ ठरली असती. म्हणून काही न सापडल्यास दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून, पुन्हा करून घ्या.

अवयवांवरून बाकीचं आपोआप

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा: (२+१) × (१+१) × (१+१) = १२. सगळे मांडायचे तर १, ३, ९ ही एक रांग. ती १०९ ने गुणून १०९, ३२७, ९८१. ४२१ ने गुणून ४२१, १२६३, ३७८९. दोन्हींनी गुणून ४५८८९, १३७६६७, ४१३००१.

विभाजकांना किती किंमत असते ते मागावर लगेच कळतं. समजा ताण्यात, म्हणजे कापडाच्या उभ्या बाजूने, २४०० धागे आहेत. नक्षीची चौकट २४, ४०, ४८, ६०, ८० किंवा १०० धाग्यांची घेतली तरी ती रुंदीत पूर्ण बसते, कडेला अर्धं फूल उरत नाही. २४०० चे विभाजक ३६ आहेत. ४१३००१ तिच्या १७२ पट मोठी, विभाजक मात्र १२. संख्या मोठी म्हणजे विभाजक जास्त, असं काही नसतं.

विभाजकांची बेरीज: (१+३+९) × (१+१०९) × (१+४२१) = १३ × ११० × ४२२ = ६०३४६०. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर १९०४५९, म्हणजे ४१३००१ हून कमी. अशी संख्या न्यून. २८ सारखी परिपूर्ण (बेरीज नेमकी तेवढीच) नाही, आणि १२ सारखी बेरीज वर जाणारीही नाही.

१ पासून ४१३००१ पर्यंतच्या किती संख्यांशी तिचा १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? हे ऑयलरचं फल: ६ × १०८ × ४२० = २७२१६०. इथे ३² साठी ९ − ३ = ६ घ्यायचे. बरेच जण ३ − १ = २ चा वर्ग करून ४ घेतात आणि उत्तर दोन तृतीयांशावर येतं.

दोन वर्गांची बेरीज

या संख्येत आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो तो हा भाग. १०९ आणि ४२१ या दोघांना ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून दोन्ही दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात: १०९ = १०² + ३² आणि ४२१ = १५² + १४². आता ब्रह्मगुप्ताची नित्यसमानता वापरा. दोन वर्गांच्या अशा दोन बेरजा गुणल्या तर उत्तरही दोन वर्गांची बेरीजच येते, आणि ती दोन प्रकारे लिहिता येते:

१०×१५ − ३×१४ = १०८ आणि १०×१४ + ३×१५ = १८५
१०×१५ + ३×१४ = १९२ आणि १०×१४ − ३×१५ = ९५

म्हणजे ४५८८९ = १०८² + १८५² = १९२² + ९५². ३² बाहेर होता, तो प्रत्येक पायाला ३ ने गुणून आत घ्या:

४१३००१ = ३२४² + ५५५² = १०४९७६ + ३०८०२५
४१३००१ = ५७६² + २८५² = ३३१७७६ + ८१२२५

३ एकदाच असता तर हे जमलंच नसतं. ४ ने भागून ३ बाकी देणारी मूळ संख्या सम घातांकाने आली तरच वाट मोकळी होते. आणि एखादी संख्या दोन वेगळ्या रीतींनी दोन वर्गांची बेरीज झाली, तर ती मूळ असूच शकत नाही. वरच्या ‘सापडला नाही’च्या शंकेला हा एक स्वतंत्र साक्षीदार.

अंकांचे खेळ, कापरेकरी

इथून पुढचे गुणधर्म वेगळ्या जातीचे आहेत. अवयव आणि वर्ग कुठल्याही लेखनपद्धतीत तेच राहतात. हे मात्र आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून आहेत. गणितात त्यांचं वजन कमी, मजा जास्त. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशाच खेळांतून नाव कमावलं.

हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. ४१३००१ ची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद.

स्वयंभू संख्या म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न मिळणारी. ४१३००१ स्वयंभू आहे का? शेकडो संख्या तपासू नका. संख्या आणि तिची अंकबेरीज यांची ९ ने बाकी सारखीच असते, आणि दोन्ही मिळून ९ ची पट व्हायला हवी, म्हणून जनक संख्या (जिच्यात तिची अंकबेरीज मिळवून ४१३००१ यावी ती) स्वतः ९ ची पट असणार. अंकबेरीज ९, १८ किंवा २७ एवढीच होऊ शकते, म्हणून उमेदवार तीनच: ४१२९९२, ४१२९८३, ४१२९७४. तिघांचीही अंकबेरीज २७. पहिले दोन पुढे निघून जातात, ४१२९७४ + २७ = ४१३००१ मात्र जुळतं. म्हणजे ती स्वयंभू नाही, तिला एकच जनक आहे.

कापरेकरांची वजाबाकी चार अंकांत ६१७४ वर थांबते हे बऱ्याच जणांना माहीत असतं. सहा अंकांत सगळं एका ठिकाणी येत नाही. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा:

४३११०० − ००११३४ = ४२९९६६
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

यापुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचं रिंगण, त्यातून सुटका नाही. (सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, तेव्हा सोलापूरकराला सात लक्षात ठेवणं कठीण नाही. याहून जास्त संबंध जोडू नका.) नेहमीची चूक पहिल्याच ओळीत होते: उतरत्या क्रमात शून्यं गाळून ४३११ लिहिलं की सगळा खेळ बिघडतो. सहा अंकांची संख्या शेवटपर्यंत सहा अंकीच धरा.

आता बारा अंक: ४१३००१४१३००१

ही संख्या ४१,३०० कोटी १४ लाख १३ हजार १ अशी वाचून काही हाती लागत नाही. जॅकार्ड चादरीकडे बघतो तसं बघा: एक नक्षी, तीच पुन्हा. पहिली चौकट दहा लाख पटीने वर सरकवलेली, दुसरी जागच्या जागी:

४१३००१४१३००१ = ४१३००१ × १००००००१

थांबा, शून्यं मोजा. चौकट सहा अंकांची, म्हणून सरकवणं १०,००,००० ने, आणि गुणक सात अंकी १०००००१. वरच्या ओळीत एक शून्य जास्त पडलं आहे. अंकबेरजेचा ताळा ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही गुणकांची अंकबेरीज २ च. ती अंक मोजूनच पकडावी लागते. सहा अंकी गुणिले आठ अंकी, उत्तर बारा अंकी कसं येईल? बरोबर ओळ अशी:

४१३००१४१३००१ = ४१३००१ × १०००००१

४१३००१ फोडून झालीच आहे. राहिला १०००००१. दोनचे गट: ०१ − ०० + ०० − १ = ०. म्हणजे १०१ ने भाग जातो, १०००००१ = १०१ × ९९०१. बारा अंकी संख्येवरही हेच दिसतं: ०१ − ३० + ४१ − ०१ + ३० − ४१, सगळं आपसात कटलं. सहा अंकांत तीन गट, तीन विषम, म्हणून दुसऱ्या चौकटीची चिन्हं उलटी पडतात आणि दोन्ही चौकटी एकमेकींना खातात.

९९०१ मूळ आहे का? वर्गमूळ ९९ च्या पुढे, मूळ संख्या २५. पण पाचच तपासल्या तरी पुरतात. ९९०१ = १०००० − १०० + १. तिचा कुठलाही मूळ अवयव घ्या. त्याने दहाच्या घातांना भागत गेलं तर बाक्यांचं चक्र बरोबर बारा पावलांनी फिरतं, आणि तसं चक्र असायला तो अवयव १२ ची पट अधिक १ असावा लागतो. शंभराच्या आत अशा मूळ संख्या १३, ३७, ६१, ७३ आणि ९७. बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७. एकही शून्य नाही, ९९०१ मूळ.

४१३००१४१३००१ = ३² × १०१ × १०९ × ४२१ × ९९०१

विभाजक ३ × २ × २ × २ × २ = ४८. विभाजकांची बेरीज ६०३४६० × १०२ × ९९०२ = ६०९४९७०१३८४०. ऑयलरचं फल २७२१६० × १०० × ९९०० = २६९४३८४०००००. आणि गंमत म्हणजे ही संख्या हर्षद नाही: अंकबेरीज १८ झाली, संख्या विषम राहिली.

एवढ्या मोठ्या गुणाकाराला दोन ताळे हवेत. नवाचा ताळा: ६०३४६० ची १, १०२ ची ३, ९९०२ ची २, गुणाकार ६. उत्तराच्या अंकांची बेरीज ५१, म्हणजे ६. जुळलं. पण शेजारचे दोन अंक उलटे पडले तर नवाचा ताळा गप्प बसतो. म्हणून अकराचाही करा: ६०३४६० ला ११ ने भाग जातो (११० तिच्यात आहेच), उत्तराचे एकेक अंक उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे केले तर −११, म्हणून त्यालाही जातो. हे दोन्ही ताळे एकत्र चुकवणं कठीण असतं.

कॅल्क्युलेटर कुठे फसवतो

बारा अंकी कॅल्क्युलेटरवर ४१३००१४१३००१ नेमकी मावते. आता ११ ने भागा. पडद्यावर येईल ३७५४५५८३०००. पूर्णांक! म्हणजे ११ ने भाग गेला? नाही. खरं उत्तर ३७५४५५८३०००.०९०९… आहे. अकरा अंक पूर्णांकाने खाल्ले, दशांशाला एकच जागा उरली, तिथे ० आला आणि तो दाखवलाही गेला नाही. कागदावर एकेका अंकाची आळीपाळीची बेरीज −१० येते, म्हणजे बाकी १, भाग जात नाही.

उपाय: भागाकाराचा पूर्णांक भाग लिहून घ्या, पडदा साफ करा, तो नव्याने टाइप करा आणि ११ ने गुणा. ४१३००१४१३००० येईल, एक कमी. पडदा साफ न करता तसंच गुणलं तर काही यंत्रं पडद्यामागे जपलेले दशांशही गुणतात आणि आधीचीच संख्या परत दाखवून पुन्हा फसवतात.

एक्सेलमध्ये साध्या चौकटीत ही संख्या घातांकाच्या रूपात दिसते. चौकटीचा प्रकार ‘नंबर’ करा, अंक शाबूत आहेत. पण ४१३००१ तिसऱ्यांदा जोडून संख्या अठरा अंकी केलीत, तर एक्सेल पहिले पंधरा अंकच जपतं आणि शेवटचे तीन शून्य करतं. ४१३००१४१३००१४१३००१ ची ४१३००१४१३००१४१३००० होते, आणि मग ती सम निघते, ५ ने भाग जातो, काहीही. अशा संख्या पायथॉन या संगणकाच्या भाषेत घ्या, तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नडत नाही. तीनदा लिहिल्यावर गुणक १००००१००००१ नव्हे, १०००००१०००००१ होतो, आणि तो ३ × १९ × ५२५७९ × ३३३६६७ असा फुटतो.

जिल्ह्यातले आणखी तीन

पंढरपूर, ४१३३०४: शेवटचे तीन अंक ३०४ ला ८ ने भाग जातो, अंकबेरीज १५ म्हणून ३ नेही. उरले १७२२१, हद्द १३१. पण १७ ला लगेच फुटते, उरले १०१३ आणि हद्द ३१ वर येते. उत्तर २³ × ३ × १७ × १०१३.

बार्शीकडचा ४१३४०१: १००१ च्या कसोटीत ४०१ − ४१३ = −१२, काही नाही. ९९९ च्या कसोटीत ४१३ + ४०१ = ८१४ = २२ × ३७. एका बेरजेत ३७ हाती आला. उत्तर ३७ × १११७३.

अक्कलकोट, ४१३२१६: पाच वेळा २ काढा, उरले १२९१३. गटांची बेरीज ४१३ + २१६ = ६२९ = १७ × ३७. इथे ३७ घ्या आणि १७ सोडा. ९९९ मध्ये १७ नाही, त्यामुळे बेरजेला १७ ने भाग गेला तरी संख्येला जाईल असं नाही. ४१३२१६ ला १७ ने भागून बाकी १४ उरते. उत्तर २⁵ × ३७ × ३४९.